दिसले म्हणजे कळले नव्हे

जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्रज डॉक्टरने तिशीही ओलांडलेली नव्हती, तेव्हा म्हणजे १८९७ साली, मुलांच्या जुनाट सांधेविकारावर एक निबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात तो काम करत होता. निबंधाचा आधार होता अवघ्या २२ मुलांचा. मोठ्यांचाच संधिवात लहान वयात होतो, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. स्टिलने ती मोडली. मुलांच्या या दुखण्याचे एकाहून अधिक प्रकार आहेत, त्यातल्या एकात ताप येतो, अवधाणाच्या गाठी आणि प्लीहा वाढतात आणि तो मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे, असे त्याने मांडले. आणखी एक गोष्ट त्याने हाताने चाचपून नोंदवली. ही सूज हाडाची नाही, सांध्याभोवतालच्या मऊ भागाची आहे. सांधा हलवताना हाडावर हाड घासल्याची करकर लागत नाही.

या निबंधाच्या जेमतेम दीड-दोन वर्षे आधी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीतल्या व्युर्झबर्ग येथे व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. जिवंत माणसाच्या आतले प्रथमच दिसू लागले होते. पण दिसत होते ते हाड. स्टिलच्या बोटांना आजार जिथे लागला होता, तो मऊ भाग या नव्या नजरेच्या टप्प्यात नव्हताच. रोगाची जागा १८९७ मध्ये हाताला कळली आणि त्या जागेचे नीट चित्र मिळायला पुढे नव्वदेक वर्षे जावी लागली. मुलांच्या सांध्यांच्या व स्नायूंच्या आजारांत एमआरआयचे स्थान काय, याचा निवाडा करताना हा इतिहास डोळ्यांसमोर असायला हवा. नाहीतर यंत्राचे कौतुक तरी अवाजवी होते किंवा त्याची भीती तरी.

क्ष-किरणांनी मुलांच्या संधिवाताची उपेक्षा केली असे नाही. पण त्यांची अडचण दुहेरी होती. मऊ भाग दिसत नाही ही पहिली. दुसरी अडचण मुलांच्या देहातच होती. लहान मुलाचे हाड हे बरेचसे हाड नसतेच, ते कूर्चा असते. नवजात बाळाच्या मनगटात पुढे जी आठ छोटी हाडे दिसायची असतात, त्यांपैकी सहसा एकही एक्स-रेवर उमटत नाही; पहिली दोन काही महिन्यांत दिसू लागतात आणि शेवटचे दिसायला आठ ते बारा वर्षे लागतात. गुडघ्याची वाटी साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाड होऊ लागते. म्हणजे चार वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजला तर एक्स-रेच्या कागदावर बरीच जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत कूर्चा झिजत असो की सांध्याचे अस्तर फुगत असो, छायाचित्र गप्पच.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ या मर्यादेचा उत्तम दाखला आहे. इंग्लंडमध्ये टॅप्लो येथे कॅनेडियन रेड क्रॉस मेमोरियल हॉस्पिटल होते. युद्धात कॅनेडियन सैनिकांसाठी उभारलेल्या या इमारतीत १९४७ साली बालसंधिवाताचा खास विभाग सुरू झाला. प्रमुख होते एरिक बायवॉटर्स. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडे का निकामी होतात, हे १९४१ मध्ये मांडणारे तेच हे डॉक्टर. विभाग मुळात ऱ्हुमॅटिक तापासाठी होता. पुढे तो ताप तिकडे ओसरत गेला, आणि वर्षानुवर्षे सांधे सुजलेली मुले खाटांवर उरली. बार्बरा अँसेल यांनी या मुलांना आपलेसे केले आणि बालसंधिवातशास्त्र नावाची शाखा युरोपात ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत आले. तिथल्या नोंदी वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच दिसते: मानेचे मणके एकमेकांना जखडलेले, खुब्याचा सांधा झिजलेला, सुजलेल्या गुडघ्याकडे रक्तपुरवठा वाढल्याने एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब, जबड्याची वाढ खुंटल्याने हनुवटी मागे गेलेली. हे सगळे एक्स-रेवर स्पष्ट दिसे, पण घडून गेल्यावर. पूर ओसरल्यावर गाळ मोजावा, तसा तो हिशेब होता.

आणि लवकर दिसले असते तरी काय केले असते? त्या वेळी हाताशी होते ॲस्पिरिन, लाकडी-प्लास्टरच्या पट्ट्या, व्यायाम आणि विश्रांती. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी कॉर्टिसोनची बातमी दिली, पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले आणि काही काळ संधिवात जिंकल्याची हवा झाली. मुलांच्या बाबतीत ती लवकर ओसरली. सूज उतरे, पण उंची खुंटे, चेहरा गोल होई, हाडे ठिसूळ होत. उपचार बोथट असेल तर निदानाची धार वाढवून फारसे साधत नाही. चित्राला किंमत येते ती त्या चित्रावरून काही करता येत असेल तरच. मुलांच्या एमआरआयची गोष्ट समजून घ्यायची ती या सूत्राने.

स्नायूंचे दुखणे याहून अवघड. ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस हा आजार दुर्मीळ आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहा लाख मुलांमागे वर्षाला दोन ते चार. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे आणि मांड्या-खांद्यांचे स्नायू दुबळे. मूल जिना चढेना, उकिडवे बसले तर उठता येईना, केस विंचरायला हात वर जाईना. स्टेरॉइड येण्यापूर्वी यातली साधारण एक तृतीयांश मुले दगावत आणि तेवढीच कायमची अधू होत. १९७५ मध्ये बोहान आणि पीटर या अमेरिकी डॉक्टरांनी निदानाचे पाच निकष ठरवून दिले. त्वचेवरचे चट्टे, स्नायूंचा दुबळेपणा आणि रक्तातली स्नायूंची विकरे हे तीन ठीक. उरलेले दोन म्हणजे स्नायूत सुया टोचून काढायचा विद्युत आलेख आणि स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली करायची तपासणी. सहा वर्षांच्या दुबळ्या, घाबरलेल्या मुलाच्या मांडीत सुया टोचून मग तिथलाच तुकडा कापायचा. तेही आजार स्नायूत सगळीकडे सारखा नसतो; निरोगी जागेचा तुकडा आला तर सगळी यातायात फुकट.

एमआरआयचा जन्म झाला तो या मुलांसाठी नव्हे. तो झाला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रे ठराविक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. १९७१ मध्ये रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठींचे आणि निरोगी ऊतींचे संदेश वेगळे येतात हे दाखवले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा संदेशांतून चित्र कसे उभे करायचे ते ‘नेचर’मध्ये मांडले, ‘नेचर’ने तो निबंध आधी नाकारला होता. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र झटपट काढण्याचे गणित बसवले. जुलै १९७७ मध्ये डमेडियन यांच्या यंत्राने माणसाच्या छातीचा पहिला छेद टिपला, त्याला पावणेपाच तास लागले. ऑगस्ट १९८० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या चमूने रुग्णाच्या उपयोगी पडेल असे पूर्ण देहाचे चित्र घेतले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. डमेडियन यांना वगळले गेले आणि त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. श्रेयाचा हा वाद अजून मिटलेला नाही, आपल्या विषयाला मात्र त्याचे फारसे देणेघेणे नाही.

देणेघेणे आहे ते पाण्याशी. एमआरआयचे यंत्र ऐकते ते मुख्यतः हायड्रोजनच्या केंद्रांचे, आणि देहातला हायड्रोजन बहुतांशी पाण्यात आणि चरबीत असतो. रुग्णालयातले नेहमीचे १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचे. त्यात केंद्रे रांगेला लागतात, रेडिओलहरीने ती विचलित होतात आणि पूर्वपदावर येताना संदेश सोडतात. पूर्वपदावर यायला लागणारा वेळ ऊतीनुसार बदलतो. जिथे दाह, तिथे पाणी साचते आणि तो वेळ लांबतो. अडचण एवढीच की चरबीही उजळ दिसते आणि पाणीही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ग्रॅम बायडर आणि सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास चरबीचा संदेश शून्यावर असतानाच चित्र टिपायची ‘स्टर’ ही युक्ती पुढे आणली. चरबी काळी पडली आणि दाहाचे पाणी तेवढे उजळून निघाले. मुलांच्या स्नायूंना आणि हाडांच्या मगजाला या एका युक्तीने वाचा फुटली.

सांध्यासाठी आणखी एक पायरी लागली. सुजलेल्या गुडघ्यातले नुसते पाणी आणि फुगलेले अस्तर दोन्ही उजळ दिसतात. रोग मात्र अस्तरात असतो. १९८८ पासून वापरात आलेले गॅडोलिनियमचे औषध शिरेतून दिले की दाहामुळे रक्त खेळत असलेले अस्तर लगेच झळकते, पाणी काळेच राहते. पण हे थोडाच वेळ. काही मिनिटांत औषध अस्तरातून पाण्यातही झिरपते आणि दोहोंमधली सीमा पुसली जाते. म्हणून औषध दिल्यावर चित्र केव्हा घेतले, यावर अहवालाची किंमत ठरते. स्टिलने बोटांनी ओळखलेला ‘मऊ भाग’ अखेर असा दिसला.

दिसले ते अगदी मोक्याच्या वेळी. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली: अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून १२७ मुलांवर केलेली. आठवड्यातून एकदा, कमी मात्रेत दिलेले मिथोट्रेक्सेट हट्टी बालसंधिवातावर गुणकारी ठरते, हे तिने दाखवले. निष्कर्ष छापून आले तोवर त्यातला एक देश जगाच्या नकाशावरून नाहीसा झाला होता. औषध मात्र राहिले, आणि आजही बालसंधिवाताच्या उपचाराचा कणा तेच आहे. १९९९ मध्ये इटॅनर्सेप्ट हे पहिले जैविक औषध मुलांसाठी मंजूर झाले. १९९७ मध्ये डर्बनला आणि २००१ मध्ये एडमंटनला बसून तज्ज्ञांनी अमेरिकेचे आणि युरोपचे वेगवेगळे वर्गीकरण बाजूला ठेवले आणि एकच चौकट ठरवली: सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि अन्य कारण न सापडलेला संधिवात म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. आता लवकर निदानाला अर्थ आला. सूज हाडापर्यंत पोहोचण्याआधी ती थांबवणारे औषध होते आणि ती दाखवणारे चित्रही होते. एक्स-रेला हे भाग्य लाभले नव्हते.

आणि इथेच खरी परीक्षा सुरू झाली. यंत्राने इतके दाखवायला सुरुवात केली की त्यातले रोगाचे कोणते आणि वाढत्या वयाचे कोणते, हे सांगणे अवघड झाले.

जबड्याचे उदाहरण घ्या. कानाजवळचा हा सांधा मुलांच्या संधिवातात गुपचूप बिघडतो. दुखत नाही, सूज वरून दिसत नाही, आणि खालच्या जबड्याच्या वाढीचे केंद्र तिथेच असल्यामुळे नुकसान चेहऱ्यावर कायमचे उमटते. २००८ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी नुकतेच निदान झालेल्या ३२ मुलांचे जबडे एमआरआयने तपासले आणि तीन चतुर्थांश मुलांत दाहाच्या खुणा असल्याचे सांगितले. सोनोग्राफीला त्यातले काहीच दिसले नव्हते. खळबळ माजणे साहजिक होते. पण पुढे जर्मनीतल्या डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांना संधिवात नाही, दुसऱ्याच कारणाने डोक्याचा एमआरआय झाला आहे, अशा मुलांच्या जबड्यात काय दिसते? तिथेही थोडे पाणी आणि थोडी झळक सापडली. म्हणजे आधी ‘दाह’ म्हणून मोजलेल्यांत काही निरोगी सांधे असणार हे उघड झाले.

मनगटाची गोष्ट याहून बोलकी. संधिवातात हाड कुरतडले जाते आणि त्याचे खड्डे एमआरआयवर दिसतात. २०११ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ५ ते १५ वर्षांच्या निरोगी मुलांची मनगटे तपासून छापली. कुरतडल्यासारख्या खाचा बहुतेक सगळ्यांत होत्या, आणि वयाबरोबर त्या वाढत होत्या. रोगाची शंका यावी असा मगजातला उजळपणा आणि सांध्यातले पाणीही अनेकांत होते. कारण समजण्यासारखे आहे. वाढत्या मुलाच्या मगजात रक्त तयार करणारा लाल भाग हळूहळू चरबीच्या पिवळ्या भागाला जागा देत जातो. ही देवाणघेवाण चालू असताना त्याचे ठिपके चित्रावर सुजेसारखे भासतात. कमरेच्या माकडहाडालगतच्या सांध्यांतही तेच.

याला आम्ही यंत्राचा पराभव म्हणणार नाही, पण घाई कुणाची झाली ते सांगायला हवे. तीस वर्षे आजारी मुलांची चित्रे जमा झाली, निरोगी मुलांची जमवावीत हे फार उशिरा सुचले. त्यामागे सबब होती आणि ती रास्तही होती: निरोगी मुलाला शिरेतून औषध देऊन चित्र घेणे नीतीला धरून नाही, आणि लहान मूल भूल दिल्याशिवाय स्थिर राहत नाही. तरीही मोठ्यांच्या मोजपट्ट्या मुलांना लावल्या गेल्या हे खरेच. मुलांसाठी वेगळी मोजपट्टी आकाराला आली ती २०१३ च्या सुमारास. ॲमस्टरडॅमच्या चमूने गुडघ्यासाठी ‘जामरिस’ नावाची गुणपद्धती मांडली. अस्तराची जाडी, मगजातले बदल, कूर्चेची झीज आणि हाडाची कुरतड या चारही गोष्टींना वेगवेगळे गुण. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचले तरी उत्तर जवळपास सारखे यावे, हा हेतू. २०१५ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी बालसंधिवातात कोणती प्रतिमा केव्हा काढावी याची मार्गदर्शक टिपणे दिली. स्टिलने मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे असे बजावल्याला तोवर एकशे अठरा वर्षे झाली होती, आणि तोच धडा नव्या यंत्रापुढे पुन्हा गिरवावा लागला.

स्नायूंच्या बाबतीत मात्र एमआरआयने मुलांवर निखळ उपकार केले आहेत. मांड्यांच्या एका ‘स्टर’ चित्रात दोन्ही बाजूंचे कोणते स्नायू सुजलेत ते समोर येते. तुकडा काढायचाच असेल तर तो कुठून काढावा हे आधी कळते आणि कित्येकदा काढावाच लागत नाही. २००४ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्याच डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंतला टी-टू हा पूर्वपदावर येण्याचा वेळ आकड्यात मोजून दाखवले की तो आजाराच्या जोरानुसार वरखाली होतो. याचा उपयोग रोजच्या उपचारात आहे. वर्षभर स्टेरॉइड घेतलेले मूल पुन्हा दुबळे झाले तर आजार उसळला, की स्टेरॉइडनेच स्नायू खाल्ले, की न चालल्याने ते वाळले? पहिल्या शक्यतेत औषध वाढवायचे, दुसरीत कमी करायचे, तिसरीत फिजिओथेरपी हवी. सुजलेला स्नायू पाण्याने उजळतो. जुन्या नुकसानीत त्याच्या जागी चरबी येते. दोन्ही वेगळे दिसतात. चुकीचे औषध टळते. अर्थात इथेही एक मेख आहे: खेळून, पळून आलेल्या मुलाचे स्नायूही काही काळ उजळ दिसतात. तपासणीआधी मूल काय करत होते, हे विचारणारा हवा.

हाडांच्या मगजात वारंवार, जंतूंविना दाह होणाऱ्या एका आजारातही, ज्याचे वर्णन १९७२ मध्ये प्रथम झाले, एमआरआयने चित्र पालटले. मुलगी एकाच टाचेचे दुखणे सांगते आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या एका चित्रात चार-पाच जागा उजळतात, त्यातल्या काही मणक्यात. पूर्वी अशा मुलांना जंतुसंसर्ग समजून महिनोन्‌महिने प्रतिजैविके मिळत किंवा कर्करोगाच्या भीतीने पुन्हा पुन्हा हाडे कोरली जात. आणि एमआरआयचे हे सारे काम किरणोत्साराविना होते, ही मुलांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. त्यांचे पुढचे आयुष्य लांब असते.

आता किंमत. पैशांखेरीज तीन किमती आहेत. पहिली भूल. यंत्र ठणठणाट करते, बोगदा अरुंद, आणि अर्धा-पाऊण तास हलायचे नाही; पाच-सहा वर्षांखालच्या मुलाकडून हे सहसा होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तीन वर्षांखालील मुलांना दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात यंत्राच्या खोलीला समुद्री चाच्यांच्या जहाजाचे रूप दिले गेले, मुलांना ती सफर वाटू लागली आणि भुलेची गरज घटली. रंग आणि कल्पकता यांनीही औषधाचे काम होते ते असे. दुसरी किंमत गॅडोलिनियमची. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत त्याने त्वचा घट्ट करणारा गंभीर आजार होतो हे २००६ मध्ये समोर आले, आणि त्याचे अंश मेंदूत साचतात हे २०१४ मध्ये. युरोपने २०१७ मध्ये अशा काही औषधांचा शिरेतला वापर थांबवला. मेंदूत साचल्याने अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणी लागणाऱ्या मुलाबाबत हात आखडता हवाच. तिसरी किंमत चुंबकाची. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत प्राणवायूची नळकांडी नेली गेली आणि एका तरुणाचा जीव गेला. चुंबक कधीच बंद नसते, हे दारावरच्या माणसाला शिकवायला काहीच खर्च येत नव्हता.

भारतात पहिले एमआरआय यंत्र १९८६ च्या सुमारास दिल्लीच्या ‘इनमास’ या संरक्षण संशोधन संस्थेत आले. आज ती यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोचली आहेत, आणि पवईच्या आयआयटीच्या आवारातली ‘समीर’ ही संस्था देशी बनावटीचे १.५ टेस्लाचे यंत्र घडवते आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच्या चाचणीसाठी दिल्लीच्या एम्सशी करारही झाला. यंत्र स्वस्त होईल, हे चांगलेच. पण बालसंधिवाताचे तज्ज्ञ यंत्रांच्या वेगाने वाढलेले नाहीत. चंडीगडची पीजीआय, लखनौची एसजीपीजीआय, मुंबईतली काही रुग्णालये अशा मोजक्या ठिकाणांपलीकडे पालकांना वाटाड्या सहसा सापडत नाही. मग होते काय, तर सुजलेल्या गुडघ्याचे मूल आधी ‘वाढीचे दुखणे’ म्हणून घरी बसते. मग रक्तात एएसओ ही घशातल्या जंतुसंसर्गाची खूण वाढलेली दिसली म्हणून ऱ्हुमॅटिक ताप ठरवून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते. मग कुणीतरी एमआरआय लिहून देतो, तोही एकाच गुडघ्याचा आणि गॅडोलिनियमविना. अहवाल येतो: अस्तर सुजलेले, क्षयाची शक्यता. आपल्या देशात सांध्याचा क्षय ही शंका घ्यायलाच हवी. पण क्षय आणि संधिवात यांतला फरक चित्र नेहमी सांगू शकत नाही, त्यासाठी सांध्यातले पाणी किंवा अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. तो तपासला जात नाही आणि क्षयाची औषधे चालू होतात.

हेच मूल तीन वर्षांची मुलगी असेल आणि एक-दोनच सांधे सुजलेले असतील, तर सर्वांत निकडीची तपासणी कोणती? डोळ्यांची. या प्रकारच्या संधिवातात डोळ्याच्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर जाते. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पवर तो काही मिनिटांत कळतो. हजारोंचे बिल होणाऱ्या एमआरआयला तो शोधायचा नसतो. तपासण्यांचा क्रम यंत्राच्या किमतीने लागू लागला की असे होते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बालसंधिवाताचे निदान आजही हाताने आणि विचारपुशीने होते. हाताला लागणाऱ्या सांध्यासाठी चांगली सोनोग्राफी बहुधा पुरते. एमआरआय हवा तो जिथे हात आणि सोनोग्राफी पोचत नाही तिथे: जबडा, खुबा, कमरेचे सांधे, मणके आणि खोल स्नायू. कमरेच्या सांध्यांचे महत्त्व आपल्याकडे अधिक, कारण टाचा आणि कंबर धरणारा संधिवाताचा प्रकार भारतातल्या मोठ्या मुलग्यांत बराच आढळतो. आणि मूल बरे दिसत असतानाही चित्रात दाह उरलेला असेल तर औषध चालू ठेवायचे का, हा प्रश्न खुला आहे. केवळ चित्रावर उपचार करू नये, चित्राकडे दुर्लक्षही करू नये, एवढेच आज म्हणता येते.

राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याला तीन गोष्टी करता येतील. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या काही रेडिओलॉजिस्टांना मुलांचे सांधे व स्नायू वाचायचे खास शिक्षण द्यावे आणि जिल्ह्यांतली चित्रे त्यांच्याकडे दूरवाचनासाठी पाठवण्याची सोय करावी. दुसऱ्या कारणाने एमआरआय झालेल्या निरोगी सांध्यांच्या मुलांची चित्रे, नावे वगळून, एकत्र जपावीत. आपल्या मुलांचे ‘निरोगी’ कसे दिसते हे नॉर्वेच्या मुलांवरून कायम ठरवता येणार नाही. आणि लहान मुलांच्या एमआरआयसाठी भूलतज्ज्ञाचे ठरावीक वार लावावेत, म्हणजे मूल उपाशीपोटी दिवसभर ताटकळणार नाही.

पालकांसाठी एवढेच. वाढीची दुखणी संध्याकाळी किंवा रात्री येतात, दोन्ही पायांत असतात, सूज नसते आणि सकाळी मूल उड्या मारते. संधिवाताचे मूल सकाळी लंगडते, आखडलेले उठते, आणि कित्येकदा दुखते असे म्हणतच नाही. सांध्याची सूज सहा आठवडे टिकली तर थांबू नका; बालसंधिवाताचा तज्ज्ञ गाठा, डोळे तपासून घ्या. आणि एमआरआय लिहून दिला तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: या चित्रात काय दिसले तर माझ्या मुलाचा उपचार बदलेल? उत्तर मिळाले तर चित्र काढा. नाही मिळाले तर आधी डॉक्टरांना सांधा हाताने तपासायला सांगा.